डिसेंबरात आमच्याकडे झोपतं कोण?

पुण्या-मुंबईच्या मैत्रिणी अधूनमधून विचारतात, "तुमच्याकडे थंडीत काय असतं गं, कंटाळा नाही येत?" आता यांना कुठून सांगायला सुरुवात करू. आम्ही सावंतवाडीकडचे लोक नोव्हेंबर ते फेब्रुवारी धड झोपतच नाही. झोपायचं ते पावसात. चार महिने बाहेर धो धो पाऊस, लाईट गेलेली, मोबाईलला रेंज नाही, मग करणार काय. एकदा भात कापून झोडून घरात आलं आणि तुळशीचं लग्न लागलं की सुटतात सगळे. आज इथली जत्रा, उद्या तिथली, मध्ये पोरांचं गॅदरिंग, मग दत्तजयंती, नाताळ, कुठल्या तरी वाडीतली क्रिकेटची टूर्नामेंट, तलावाकाठचे कार्यक्रम, आणि संक्रांतीची हळदीकुंकवं तर रथसप्तमीपर्यंत संपता संपत नाहीत. बाहेरचा माणूस येऊन म्हणतो थंडी आहे कुठे, कारण आमची थंडी म्हणजे पहाटे धुकं आणि दुपारी परत घाम. पण तेवढ्यासाठी पण शाली आणि कानटोप्या ट्रंकेतून निघतात बरं का, वर्षातून एकदाच तर घालायला मिळतात.

जत्रेपासून सांगते. घाटावरच्या लोकांना जत्रा म्हटलं की आकाशपाळणा आणि तमाशाचा तंबू आठवतो, आमच्याकडे तसं नाही. प्रत्येक गावाच्या ग्रामदेवतेची एक रात्र असते, तिथी ठरलेली असते, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांना पाठ असते त्यामुळे कुणी कुणाला कळवायच्या भानगडीत पडत नाही. सोनुर्लीच्या माऊलीची जत्रा त्रिपुरारी पौर्णिमा झाली की लगेच. लोटांगणाची जत्रा म्हणून ती प्रसिद्ध, नवस फेडायला आलेले पुरुष रात्री देवळाभोवती लोटांगण घालत जातात, बायका उभ्यानेच जातात, आणि गोव्याहून, कर्नाटकातून माणसं येतात. एकदा ही झाली की मग पुढे एकामागोमाग एक सुरूच.

अपवाद आंगणेवाडीचा. मालवण तालुक्यातल्या मसुऱ्याची भराडी देवी. तिच्या जत्रेला तिथीच नाही. गावची शिकार होते, देवीचा कौल घेतात, मग तारीख ठरते, आणि ती जाहीर झाली की मुंबईतल्या प्रत्येक चाकरमान्याच्या व्हॉट्सॲपवर तीच तारीख फिरायला लागते आणि रेल्वेचं बुकिंग बघता बघता वेटिंगवर. माझे मोठे दीर डोंबिवलीला असतात, ते दरवर्षी म्हणतात यंदा नाय जमणार हां, आणि दरवर्षी तुतारी एक्सप्रेसने सावंतवाडी स्टेशनवर उतरलेले असतात. (स्टेशन सावंतवाडीचं म्हणायचं, आहे मळगावला. उतरल्यावर रिक्षावाल्याशी घासाघीस हा जत्रेचा पहिला कार्यक्रम.)

जत्रेची रात्र कशी असते ते सांगते, कारण रील बघून येणारे लोक संध्याकाळी सात वाजता येतात, दर्शन घेतात, भजी खातात, सेल्फी काढतात आणि नऊ वाजता परत जातात. अरे बाबांनो तेव्हा तर काहीच सुरू झालेलं नसतं! संध्याकाळी ओटी भरायची लाईन असते, ती बायकांची, आणि त्या लाईनीत वर्षाच्या सगळ्या बातम्या कळतात, कुणाच्या मुलीचं ठरलं, कुणी जमीन विकली, कुणाची सून कणकवलीला जॉबला लागली. माहेरवाशिणी येतात. मी स्वतः सासरच्या जत्रेला नुसती राबते आणि माहेरच्या जत्रेला राणीसारखी बसते, हा हिशोब इथल्या प्रत्येक बाईला माहिती आहे. मग रात्री पालखी निघते, देवळाला फेरे होतात, वाजप वाजतं, आणि हे सगळं आटोपून बारा-एक वाजता दशावतार, म्हणजे आमचं रात्रभर चालणारं लोकनाट्य, उभा राहतो. उजाडताना दहीहंडी फुटते, दहीकाला होतो, म्हणून तर जत्रेला मालवणीत धयकालो म्हणतात.

दशावताराबद्दल मी कितीही बोलू शकते त्यामुळे ज्यांना नको त्यांनी हा भाग सोडा. पार्सेकर, मोचेमाडकर, वालावलकर, आजगावकर, चेंदवणकर अशा कंपन्या आहेत, आणि कुठल्या गावात कुठली कंपनी खेळणार हे बऱ्याच ठिकाणी जुन्या काळापासून ठरलेलं आहे. पूर्वी हे लोक पेटारे डोक्यावर घेऊन या गावातून त्या गावात चालत जायचे, आता टेम्पो असतो. रात्रभर खेळायचं, दिवसा देवळाच्या धर्मशाळेत नाहीतर ओसरीवर झोपायचं, स्वतःच जेवण करायचं, संध्याकाळी स्वतःच स्वतःचं तोंड रंगवायचं, मेकअपमन वगैरे प्रकार नाही. आणि लिहिलेली संहिता नसते. खरंच नसते. खेळाच्या आधी बसून ठरतं की आज कुठलं आख्यान, कोण कुठला पार्ट करणार, प्रवेश कसे जाणार, बस. बाकी सगळं रंगमंचावर उभं राहून बोलायचं. समोरचा राजापार्ट मुरलेला असला तर तो मुद्दाम नवीन पोराला कोड्यात टाकतो, पुराणातलं असं काहीतरी विचारतो की त्याची बोबडी वळते, आणि आमच्या गावातले म्हातारे खरे तर तेवढ्यासाठी जागे असतात. कुणी चुकीचा संदर्भ दिला तर सकाळी चहाच्या टपरीवर त्याची पिसं काढतात.

सामान काय तर एक लाकडी बाकडा. तोच सिंहासन, तोच डोंगर, तोच रथ. बाजूला पायपेटी, पखवाज, झांज. सुरुवातीला आडदशावतार होतो, म्हणजे मुख्य आख्यानाआधीचा ठरलेला भाग, गणपती येतो, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, भटजी, मग वेद चोरणारा राक्षस संकासूर. हा काळ्या कपड्यातला संकासूर म्हणजे लहान मुलांची भीती आणि मोठ्यांची मजा, कारण बाकीचे देव शुद्ध मराठीत बोलतात आणि हा एकटा चक्क मालवणीत. आणि गावात जे काय चाललंय ते सगळं तो काढतो. मागे एका जत्रेत भटजीने विचारलं, वेद चोरलेस ते कुठे आहेत, तर हा म्हणतो, "हाडले होते रे म्हाराजा, पण तुमच्या गावच्या रस्त्यार खड्डे इतके, अर्धे वेद वाटेतच सांडले!" पुढच्या खुर्चीवर सरपंच बसलेले. ते पण हसले, न हसून करणार काय.

बायकांचे पार्ट पुरुषच करतात आणि आमच्या आजीची पिढी त्यांच्या नऊवारीच्या निऱ्या बघून आपल्या सुनांना नावं ठेवायची. मी लहान असताना पहाटे देवळामागे गेले तर सत्यवानाची सावित्री पायावर पाय टाकून विडी ओढत बसलेली. मला बघून म्हणाली, "काय गो, निज येता?" तेव्हापासून मी यांची फॅन.

आता एक अडचण. ध्वनिप्रदूषणाचे जे 2000 सालचे नियम आहेत त्यात रात्री 10 ते सकाळी 6 लाऊडस्पीकर बंद, आणि सरकारला वर्षातून फार तर 15 दिवस, तेही रात्री 12 पर्यंतच सूट देता येते. नियम चांगलाच आहे, डीजेवाल्यांनी जो उच्छाद मांडलाय त्यावर तो पाहिजेच, पण ज्या नाटकाची सुरुवातच बाराला होते त्याचं काय करायचं? त्यामुळे मग जिथे तिथे आपापली पळवाट. कुठे आवाज बारीक ठेवतात, कुठे खेळच लवकर सुरू करतात, आणि त्यातूनच म्हणा किंवा लोकांना जागरण नको झालंय म्हणून म्हणा, संध्याकाळचे दशावतार वाढलेत. 'ट्रिकसीनयुक्त' आणि 'संयुक्त दशावतार' असे बॅनर बघाल तुम्ही. ट्रिकसीनमध्ये धूर येतो, नाग येतो, देवी हवेतून खाली उतरते, आणि संयुक्त म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांचे गाजलेले कलाकार एकत्र. पोरांना जाम आवडतं. मला विचाराल तर एकदा बघायला ठीक, पण धूर आला की माणूस बोलायचा थांबतो, आणि दशावतार म्हणजे तर बोलणं. तीन वाजता, निम्मं पब्लिक पेंगत असताना, एक राजा आणि एक ऋषी अर्धा अर्धा तास धर्म म्हणजे काय यावर भांडतायत आणि पखवाजवाला प्रत्येक वाक्याला थाप देतोय, ती मजा धुरात नाही. अर्थात कलाकारांना संध्याकाळच्या खेळात पैसे बरे मिळतात असं म्हणतात, आणि त्यांचं पोट माझ्या आवडीवर चालत नाही, त्यामुळे मी गप्प.

जत्रेत पुरुष मंडळी नाटक बघतात असं बायकांना सांगून जातात पण खरं तर मागच्या बाजूला उभं राहून आंब्याच्या मोहोरावर बोलत असतात. डिसेंबर-जानेवारी म्हणजे मोहोराचे दिवस. थंडी नीट पडली तर मोहोर, मध्येच ढग आले नाहीतर अवकाळी पाऊस झाला तर तुडतुडे, भुरी, मग फवारणी, मग खर्च. "तुझ्याकडे फुटलो काय?" हा प्रश्न ऐकू आला तर घाबरू नका, मोहोराबद्दल आहे. मांडवाच्या एका टोकाला राक्षस मरत असतो आणि दुसऱ्या टोकाला कुठलं औषध किती लिटरला किती घालायचं ते चाललेलं असतं.

आणि खाणं. खाजं, खडखडे लाडू, कुरमुऱ्याचे लाडू, गरम भजी, आणि रात्री दोन वाजता तो पातेल्यात उकळून उकळून काळा झालेला चहा. एरवी मी त्याला हात लावणार नाही.

नाताळ. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडे ख्रिस्ती कुटुंबं पूर्वीपासूनच आहेत, 2005 साली तर सिंधुदुर्गचा वेगळा धर्मप्रांत झाला आणि त्याचं मुख्य चर्च आमच्या सावंतवाडीत आलं. आमच्या शेजारच्या आंटी (सगळी आळी त्यांना आंटीच म्हणते, त्यांच्यापेक्षा मोठे आजोबा पण) दोदोल करतात. माडाचा गूळ, नारळाचं दूध, तांदळाचं पीठ, आणि तासन्‌तास ढवळणं. हे एकट्या माणसाचं काम नाहीच. कुंपणावरून हाक येते, "बाय, ढवळूक ये गो, हात गेले माझे," आणि मग मी, माझी जाऊ, समोरच्या मुल्लांच्या सूनबाई, जिला वेळ असेल ती जाऊन पाळीने ढवळते. कडा सुटल्या आणि तेल दिसायला लागलं की झालं, पण ते कधी दिसणार ते फक्त आंटींना कळतं, आम्ही प्रत्येक पाच मिनिटांनी "झालं ना?" विचारतो आणि त्या प्रत्येक वेळी नाही म्हणतात. गणपतीत आमच्याकडून मोदक गेलेले असतात, दिवाळीत फराळ, ईदला सूनबाईंकडून शीरखुर्मा आलेला, आता आंटींकडून नेवऱ्या, कुलकुल, दोदोल. डबे इतके फिरतात की कुठला डबा मूळचा कुणाचा ते आता कुणालाच सांगता येणार नाही, माझ्याकडे एक स्टीलचा डबा आहे त्यावर भलत्याच आडनावाची अक्षरं कोरलेली आहेत.

वाड्यावरची पोरं गोठा, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, करतात. त्यासाठी आधी पसरट ट्रेमध्ये नाचणी पेरून ठेवायची म्हणजे नाताळपर्यंत हिरवीगार उगवते, ती गोठ्यातली कुरणं. बांबूच्या काड्यांचे तारे अजून काही घरी हाताने करतात, बाकी रेडिमेड. आमच्या दिवाळीच्या कंदिलाच्या काड्या उरलेल्या असतात त्या माझा मुलगा तिकडे नेऊन देतो आणि बदल्यात कॅरल गाणाऱ्या टोळीत घुसतो. त्याला कोंकणी गाण्याचा एक शब्द कळत नाही, पण घरोघरी खायला मिळतं हे बरोब्बर कळतं.

2023 ला तर कहरच झालेला. 25 ला नाताळ आणि 26 ला दत्तजयंती. आमच्याजवळ कुडाळ तालुक्यात माणगाव आहे, दत्तभक्त टेंबे स्वामींचं जन्मगाव, 1854 चा जन्म त्यांचा, तिथे दत्तजयंतीला ही गर्दी. म्हणजे 24 ला रात्री पोरगा शेजारच्या मंडळींबरोबर मिसाला (चर्चमधल्या प्रार्थनेला), 25 ला दिवसभर आंटींकडे पाहुणे म्हणून आमच्या खुर्च्या तिकडे, 26 ला सकाळी उठून सासूबाईंना घेऊन माणगाव, दर्शनाची लाईन, महाप्रसाद, आणि संध्याकाळी परत आलो तर खुर्च्या अजून आंटींकडेच. घरी जमिनीवर बसून पेज खाल्ली आणि सगळे आडवे.

गॅदरिंगचं काय सांगू, सगळीकडे सारखंच असेल. कोळीगीत, शेतकरी नृत्य, भाड्याचे ड्रेस जे कधीच मापाचे नसतात, आणि स्टेजसमोर मोबाईल वर करून उभे राहिलेले पालक, त्यामुळे मागच्या कुणालाच काही दिसत नाही, मग मागचे पण उभे राहतात. गेल्या वेळी तिसरीतल्या पोरांनी छोटा दशावतार केला, त्यातल्या राक्षसाची दाढी निघाली, तो ती हातात धरून संवाद म्हणत राहिला आणि सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच. पण मला गॅदरिंगपेक्षा आवडतो तो बाल आनंद मेळावा. पोरं घरून आवळे, चिंचा, लाल माठाच्या जुड्या, कोकम सरबत, भेळ असं काय काय आणून विकतात आणि हिशोब करतात. एका मुलीने मला माझ्याच परसातले आवळे विकले. तिच्या आईला सकाळी मीच दिलेले.

आता महोत्सव. हल्ली थंडीत प्रत्येक छोट्या शहरात एक महोत्सव पाहिजेच असं झालंय. नाव कुणाचं घेत नाही. जागा बहुतेक वेळा सुंदरच असते, आमचाच मोती तलाव घ्या, राजवाड्यासमोर, 1874 सालचा, संध्याकाळी त्याच्या काठावर नुसतं बसलं तरी पुरे. पण महोत्सव म्हटला की तिथे एलईडी स्क्रीन येते, पत्रिका छापल्या जातात, पत्रिकेत नावांची दोन पानं आणि कार्यक्रमाच्या चार ओळी. प्रमुख पाहुणे उशिरा येतात. मग सत्कार. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह, पुन्हा शाल. मुंबईहून आणलेली गायिका सव्वानऊला पहिलं गाणं सुरू करते आणि दहाला पोलीस घड्याळ दाखवतात. लोक वैतागून घरी.

मी यावर बराच विचार केलाय, म्हणजे ओटीच्या लाईनीत उभं असताना दुसरं काय करणार. जत्रेची कधी पत्रिका नसते, तरी अख्खा गाव असतो, आणि महोत्सवाची पत्रिका घरपोच येते तरी मागच्या खुर्च्या रिकाम्या. कारण जत्रेत प्रत्येकाचं काहीतरी काम असतं. कुणाचा पालखीला खांदा देण्याचा मान, कुणी पाणी भरतं, कुणी पार्किंगला बॅटरी घेऊन उभा, कुणी नुसता आरडाओरडा करायला. मानावरून भांडणं पण होतात, गावागावात वर्षानुवर्षं चालतात, काही कोर्टात गेलीत, ते काही मी गोड करून सांगणार नाही. पण भांडायला सुद्धा ते आपलं वाटावं लागतं ना. महोत्सवात आपण कोण तर प्रेक्षक. टाळ्या वाजवायच्या आणि गाडी काढायची.

तरी एक गोष्ट कबूल करायला पाहिजे, महोत्सवात बचत गटांच्या बायकांचे स्टॉल असतात आणि त्यांचा धंदा चांगला होतो. घावणे, कोंबडी-वडे, सोलकढी, कुळथाची पिठी, तांदळाची बोरं. माझी एक चुलत जाऊ दरवर्षी स्टॉल लावते, ती म्हणते, "तू शाली मोजत बस, माझे वडे नऊ वाजताच संपले." बाजूच्या स्टॉलला मंचुरियन होतं म्हणे, त्याच्याकडे पण रांग होती. असो.

तर कुणाला यायचं असेल तर या, कुठल्या गावची जत्रा कधी ते कालनिर्णयात सापडेलच असं नाही, कुणाला तरी विचारावंच लागेल. रात्री जेवून निघा, दहाच्या आधी पोचून उपयोग नाही. बसायला चटई आणि अंगावर घ्यायला जाड चादर आणा, खुर्च्या म्हाताऱ्यांना सोडा. ओटीसाठी खण-नारळ तिथेच मिळतो पण सुट्टे पैसे ठेवा, रेंज गेली की यूपीआय चालत नाही. आणि खाजं घेताना आल्याचं आहे ना ते आधी तोंडात टाकून बघा, गर्दीच्या दिवशी काहीजण नुसत्या गुळाचं देतात.